निघताना आवाज नको

माझ्या दादाच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याशेजारी, गाडीची एक सीट ठेवलेली आहे. खरीखुरी, पट्ट्यासकट. नवीन माणूस घरात आला की बसू की नको अशा विचारात तिच्यापुढे घुटमळतो. मी मात्र थेट तिथेच बसते, कारण सोफ्यात एकदा रुतले की मला उठवायला दोन माणसं लागतात. पहिल्यांदा बसले तेव्हा सवयीने पट्टासुद्धा लावला होता. दादा तेव्हा पोट धरून हसला होता. हल्ली तो हसत नाही.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकायला येणारी मंडळी माझ्या माघारी मला 'भोंगा' म्हणतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणू देत. रोज उठून नवशिक्याच्या हातात आपला जीव द्यायचा तर आवाज मोठाच लागतो. सांगायचा मुद्दा असा, की गाड्यांच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये. आणि तरीही दादाच्या ह्या एका गाडीपुढे मी हात टेकले.

गाडी मोठी, सात जणांची, दोन्ही बाजूंना सरकती दारं. विजेवरही चालते आणि पेट्रोलवरही. घरी प्लग लावून बॅटरी भरायची. ती भरलेली असेपर्यंत गाडी विजेवर, मांजरीच्या पावलांनी जाते. बॅटरी संपली की पेट्रोलचं इंजिन आपलं आपण सुरू होतं. कडक थंडीत हीटर लावला तरी सुरू होतं. एवढंच लक्षात ठेवा, बाकीच्या यंत्राशी आपल्याला काही देणंघेणं नाही.

दादाने उभा जन्म लांब पल्ल्याचा ट्रक चालवला. गेला की आठवडा आठवडा तोंड दिसायचं नाही. पहाटे अंगणात ट्रक सुरू व्हायचा तेव्हा खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि पोरं झोपेतच कूस बदलायची. वहिनी दारात उभी असायची. तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. निदान आम्ही कुणी ऐकला नाही. परत यायचा तेव्हा मात्र तिला वळणावरच आवाज कळायचा. हातातलं काम तसंच टाकून ती धावत बाहेर यायची. आम्ही चिडवायचो, "वहिनी, नवराच आहे, पळून चालला नाहीये!" तर म्हणायची, "तुम्हाला काय कळतंय, गप्प बसा."

ट्रक सोडला त्या वर्षी त्याने ही गाडी घेतली. म्हणाला, आता जायचं तर सगळ्यांनी मिळून. दोन मुलगे, दोन सुना, हे दोघं आणि मी. कोण कुठे बसणार हेसुद्धा ठरवून टाकलं. मला मागच्या रांगेत खिडकी दिली, कारण पुढे बसवलं तर मी त्याला चालवू देणार नाही म्हणे. पहिल्यांदा घरी आणली तेव्हा बटण दाबून हा बसून राहिला. मला म्हणाला, "सुरूच होत नाहीये गं." मी म्हटलं, "अरे शहाण्या, सुरू आहे ती!" चाळीस वर्षं इंजिनाच्या कानाने गाडी चालवणारा माणूस तो. त्याला ती शांतता पटायलाच बरेच दिवस लागले.

सगळे मिळून एकदाच गेलो. मग थोरला दूरदेशी गेला, धाकटा त्याच्या मागोमाग. अंगणात सात जणांची गाडी आणि घरात दोन माणसं. विकून टाक म्हटलं तर म्हणाला, सुट्टीत येतील ना सगळे.

त्याच सुमारास वहिनी विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग नावं, मग घास तोंडात घातल्यावर चावायचा हेसुद्धा. दुपार कलली की तिची घालमेल सुरू व्हायची, ह्या खोलीतून त्या खोलीत, कुणाला तरी शोधत. एक दिवस कंटाळून दादाने तिला गाडीत घातलं आणि चक्कर मारून आणली. काय जादू झाली कोण जाणे, ती शांत बसली. खिडकीतून बघत राहिली, चक्क गुणगुणलीसुद्धा. झालं, तेव्हापासून रोजचा नेमच पडला. तिला चढायला सोपं जावं म्हणून त्याने मधली एक सीट काढली. एरवी अशा गाड्यांच्या मधल्या सीट म्हणे खालच्या खाली दुमडतात, पण हिच्या पोटात बॅटरी असल्याने उचलूनच काढावी लागते. तीच ती बैठकीतली.

आणि मग एकदा परतताना बॅटरी संपली. इंजिन सुरू झालं. मी मागे बसले होते, डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. गाडी जराशी थरथरली, बस्स, एवढंच. पण वहिनीने दोन्ही हातांनी दार धरलं. "अहो! अहो, थांबा ना! जाऊ नका!" दादा तिच्या पुढ्यातच स्टिअरिंगवर बसलेला. "अगं, मी कुठे चाललोय? हा काय मी!" पण तिला तो दिसतच नव्हता. ती दारावर थापा मारत रडत होती, आणि ज्याला हाका मारत होती तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता. चालत्या गाडीचं दार उघडेल म्हणून मी तिला मागून कवटाळलं. माझ्याने ते रडणं ऐकवत नव्हतं.

दादाला लगेच उमगलं. ती मागे गेली होती, ट्रकच्या दिवसांत. इंजिन सुरू झालं म्हणजे नवरा चालला. तेव्हा गिळलेलं सगळं आता बाहेर येत होतं, थोपवणारं मनच उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याने इंजिन सुरू होऊच द्यायचं नाही असं ठरवलं. घरी आला रे आला की स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर. गाडी चार्जिंगला असताना गिझर लावला की सगळ्या घराची वीज जायची, म्हणून हा थंड पाण्याने अंघोळ करायचा. बॅटरी पुरेल तेवढंच जायचं आणि अर्धी उरली की मागे फिरायचं. सगळा देश पालथा घातलेला माणूस, आणि आता सरड्याची धाव कुंपणापर्यंत. थंडीत हीटर बंद. वहिनीला दोन रजया, पायाशी गरम पाण्याची पिशवी, आणि हा स्वतः कानटोपी घालून काचेवर धरलेली वाफ रुमालाने पुसत चालवतोय. मी ओरडायची, "अरे, न्यूमोनियाने मरशील!" तो म्हणायचा, "हळू बोल, ती गुणगुणतीये."

मी म्हणत होते की हे त्याच्या एकट्याने निभायचं नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी. त्याचं एकच पालुपद, "आयुष्यभर मी तिला सोडून गेलो. आता नाही जाणार."

मग ती सकाळ आली. तो अंघोळीला गेला होता. त्यांच्या खिडकीखाली कचऱ्याचा ट्रक उभा होता, तो सुरू झाला. वहिनी झोपायच्या गाऊनवर, अनवाणी, त्या ट्रकमागे धावली. कोपऱ्यावर पडली. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. दादा ओल्या अंगाने टॉवेल गुंडाळून तिला शोधत रस्त्यावर फिरत होता, हे शेजारणीने मला फोनवर सांगितलं. मी पोहोचले तेव्हा दवाखान्याच्या बाकावर तो कुणाचा तरी कोट घालून बसला होता. मला बघून म्हणाला, "माझ्यामागेच धावली गं ती. आणि मी साबण लावत होतो."

मुलांचे फोन आले. "आत्या, तू बघ ना काहीतरी." आत्याने बघितलं. अशा माणसांना नीट सांभाळणारं एक घर मिळालं, स्वच्छ, बायका प्रेमळ. नेमकं ते बॅटरीच्या कुंपणाबाहेर होतं. जवळपास कुठे जागाच नव्हती. दादाने एवढंच विचारलं, "वाटेत चार्जिंग कुठे आहे?"

निघालो तो दिवस हाडं गोठवणारा होता. वहिनी मधल्या सीटवर, रजयांत, हाताला प्लास्टर. मी पुढे दादाच्या शेजारी. निम्म्या वाटेवर एका दुकानांच्या आवारात चार्जिंगचा खांब होता, तिथे बॅटरी भरायची आणि पुढे जायचं असं ठरलं होतं. पोहोचलो तर खांबाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. बंद! मी त्या दुकानदाराला इतकं झाडलं की बिचारा दुकानाबाहेर येऊन म्हणाला, "बाई, मी बुटं विकतो हो." दादा मात्र गाडीला टेकून उभा होता. परत जावं तर घरापर्यंतही बॅटरी पुरणार नव्हती. पुढे जावं तरी तेच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग त्याने किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. मी तिच्याजवळ बसतो."

तिच्या शेजारची सीट बैठकीच्या खोलीत होती, म्हणून तो वहिनीच्या पायाशी, खाली गाडीच्या तळावरच बसला. सत्तरीचा माणूस. मी आरशात बघत होते आणि बॅटरीचा आकडा उतरत होता. मी उतारावर गाडी नुसती सोडून दिली, चढावर अंडी ठेवल्यासारखा पाय ठेवला, माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीतली सगळी कसरत केली. पण गावाबाहेरच्या पुलावर इंजिन सुरू झालंच.

वहिनी ताठ झाली. दार धरायला हात उचलला, पण प्लास्टरमुळे जमेना. दादाने तिचा दुसरा हात धरला. मी वाट बघत होते, आता ओरडेल, आता ओरडेल. ती ओरडली नाही. तिने खाली वाकून त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि हलकेच म्हणाली, "भाऊ, आमचे हे गेले."

भाऊ! लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालेल्या बायकोच्या तोंडून. माझा पाय ब्रेकवर गेला होता, कसाबसा आवरला.

"येतील परत," दादा म्हणाला.

"येतात हो. तसे येतात. पण जाताना मागे वळून बघत नाहीत. एकदासुद्धा नाही." तिने डोळे पुसले. "मी दारात उभी असते. आवाज ऐकू येतो तोवर आत जात नाही. मग आत जाऊन रडते. मुलं उठायच्या आत रडून घ्यावं लागतं ना."

"कधी सांगितलं नाहीस... नाहीत त्यांना?"

"काय सांगायचं? त्यांना तरी कुठे हौस आहे? पोटासाठीच जातात ना?" मग तिने त्याच्या डोक्यावरची टोपी नीट केली. "तुम्हाला थंडी वाजतीये का भाऊ? तुमच्या घरी कोण आहे?"

दादाने तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. ती त्याला थोपटत राहिली, परक्या माणसाला थोपटावं तसं, जरा अवघडून. मी आरसा वर करून टाकला. बघवत नव्हतं मला.

त्या घरात तिची खोली मागच्या बाजूला मिळाली. खिडकीखाली मागचं अंगण, त्याला लागून कपडे धुण्याची खोली. बाकी गाड्या सगळ्या पुढून यायच्या जायच्या, मागे गडबड नाही. वहिनीने पलंग हाताने चाचपून पाहिला, खिडकीपाशी खुर्चीत बसली. परिचारिका मोठी समजूतदार होती. म्हणाली, "आता तुम्ही निघा. निरोप घेत बसू नका, त्यानेच जास्त त्रास होतो त्यांना."

दादा बाहेर आला, उतारांवर भरलेल्या चिमूटभर बॅटरीवर गाडी वळसा घालून कशीबशी मागच्या अंगणात घेऊन गेला आणि थेट धुण्याच्या खोलीत शिरला. धुणंवाली बाई चादरी घड्या करत होती. तिला म्हणाला, "ताई, तुमचा एक प्लग मला वापरू द्या. मला इथून आवाज न करता निघायचंय." ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग त्याने सगळं सांगितलं. माझ्या दादाने, ज्याच्या तोंडून शब्द काढायला पकड लागते, त्याने त्या अनोळखी बाईला सगळं सांगितलं. तिने इस्त्रीचा प्लग काढला आणि जागा करून दिली.

साध्या प्लगवर ती बॅटरी भरायची म्हणजे गोगलगायीची चाल. आम्ही गाडीत बसून राहिलो. मी चिडचिड केली. "अरे, गाडी ढकलत फाटकाबाहेर नेऊ आणि मग सुरू करू! कुणाला कळतंय?" तो म्हणाला, "फाटकाबाहेरून तिला ऐकू येतं. वळणावरून ऐकू यायचं." पाय बधिर झाले होते. धुणंवालीने ड्रायरमधून काढलेला एक गरम पलंगपोस आणून आमच्या मांडीवर टाकला आणि गेली. दिवेलागणीला, घरापासून नाही पण हाकेच्या अंतरापासून तरी दूर जाता येईल इतकी बॅटरी भरली. गाडी निघाली. खडीवर टायर वाजले तेवढेच. वर खिडकीत वहिनीचं डोकं दिसत होतं, दुसरीकडेच बघणारं. दादाने ह्या वेळी मागे वळून बघितलं. फाटक ओलांडेपर्यंत बघत होता, तरी बरं मी चालवत होते.

दुसऱ्या दिवशी परिचारिकेचा फोन आला. वहिनी झोपली होती नीट, जेवलीही होती. "बाईंची काही तक्रार नाही," ती म्हणाली. "उलट सांगत असतात, हे बाहेर अंगणात आहेत. अजून गाडी सुरू झाली नाही त्यांची." दादाने फोन ठेवला आणि बैठकीतल्या सीटवर जाऊन बसला. म्हणाला, "जमलं गं. तिच्या लेखी मी गेलोच नाही." मला वाटलं, चला, एकदाचा जीव भांड्यात पडला.

तो वेडा माणूस मग तसाच जात राहिला. खांब दुरुस्त झाला होता. वाटेत बॅटरी भरायची, आवाज न करता मागच्या अंगणात शिरायचं, तिथे पुन्हा प्लग, पुन्हा आवाज न करता बाहेर. आणि हळूहळू मला त्याचा उतरलेला चेहरा दिसायला लागला. तो खोलीत गेला तरी वहिनी मान वर करायची नाही. तो म्हणायचा, "अगं, मी आलोय." ती म्हणायची, "कोण आलंय? हे तर मघापासून अंगणातच आहेत." खिडकीकडे बोट दाखवायची आणि पुन्हा चादरीचा काठ चुरगाळत बसायची. जो गेलाच नाही त्याची वाट कोण बघणार, आणि तो आल्याचा आनंद तरी कुणाला होणार? माझ्यासारख्या भोंग्यालासुद्धा काही वेळा तोंड उघडवत नाही.

अशाच एका फेरीला मी बरोबर होते. दुकानांच्या आवारातला तो खांब आला आणि दादा थांबलाच नाही. मी म्हटलं, "अरे, खांब गेला मागे!" तो म्हणाला, "जाऊ दे." पुलाच्या अलीकडेच बॅटरी संपली, इंजिन सुरू झालं. त्याने ते चालू राहू दिलं. फाटकातून आत, वळसा घालून मागच्या अंगणात, आणि खिडकीखाली आल्यावर त्याने अॅक्सिलरेटर दाबून गाडी जागेवरच जरा घुमवली. ट्रकवाले घर आल्यावर घुमवतात तशी.

वरची खिडकी हलली. आम्ही गाडीतून उतरतोय तोवर धुण्याच्या खोलीशेजारचं दार उघडलं आणि वहिनी उंबऱ्यात आली. मागून परिचारिका धावत, "बाई, सावकाश, बाई!" वहिनीची वेणी अर्धीच घातलेली, एका पायात चप्पल. ती सरळ दादाकडे बघत होती. त्याच्याकडेच.

"अहो, आलात? किती उशीर! हातपाय धुऊन घ्या, पानं घेते."

वर्षभरात त्याला कुणी 'अहो' म्हटलं नव्हतं. दादा तिथेच खडीवर उभा राहिला. "आलो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. तिने त्याची बाही धरून त्याला आत नेलं, पलंगावर बसवलं, पदराने त्याचं तोंड पुसलं. धूळ नव्हती, पाणी होतं. मग तिने वाटी शोधली, ताट शोधलं, कपाट उघडून चादरी उलथ्यापालथ्या केल्या. त्या शोधात ती काय शोधत होती ते तिचं तिलाच आठवेना. ती वळली, पलंगावर बसलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि पदर सावरून जरा लांब उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही कुणाकडे आलात?"

आता तो प्रत्येक वेळी असाच जातो. जाताना खांबापाशी थांबत नाही. ते एक 'अहो' ऐकतो, ती विसरेपर्यंत तिच्याजवळ बसतो. मग उठतो, धुण्याच्या खोलीतून वायर ओढून आणतो, आणि निघण्यापुरती बॅटरी भरेपर्यंत अंगणात, तिच्या खिडकीखाली, गाडीत बसून राहतो. हीटर लावत नाही.